गरजेपोटी चोरी: सांगावे की गप्प राहावे?

प्रश्न : मी शहापुरातील एका किराणा मालाच्या दुकानात बावीस वर्षे हिशेब लिहितो. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे कामाला लागलेले एक गृहस्थ त्याआधी खासबागेत स्वतःचे यंत्रमाग चालवीत होते; माग विकावे लागले, तेव्हा ते आमच्याकडे आले. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी दुकान बंद करताना त्यांच्या मिटलेल्या छत्रीच्या घड्यांतून तुरीच्या डाळीची अर्ध्या किलोची पुडी खाली पडली. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पुडी उचलून पुन्हा छत्रीत सारली आणि ‘येतो काका’ एवढेच म्हणून ते निघून गेले. त्यानंतर माझे लक्ष जाऊ लागले. कधी डाळ, कधी तेलाची पिशवी, एकदा लहान मुलांच्या दूध पावडरचा डबा. त्यांच्या पत्नीचे ऑपरेशन झाल्यापासून तिची शिलाई बंद आहे आणि घरात दोन लहान मुले आहेत, हे मला ठाऊक असल्यामुळे मी काहीच बोललो नाही. आता मालकांना साठ्यातील तफावत कळली आहे आणि त्यांचा संशय अथणीकडून नुकत्याच आलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरावर आहे. त्याला पोलिसांत देणार, असे ते म्हणतात. खरे सांगितले तर एक संसार उघड्यावर येतो, न सांगितले तर पोर नाहक अडकते. मी काय करावे?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : तुमच्या पत्रात त्या पोराचा उल्लेख नसता, तर मी कदाचित सावकाश विचार करायला सांगितले असते. आता तेवढा वेळ नाही. हा अंक हाती पडेल त्याच दिवशी मालकांना एकांतात गाठा आणि एवढेच सांगा : ‘त्या पोराने काही घेतलेले नाही, हे मी माझ्या जबाबदारीवर सांगतो. मला दोन दिवस द्या, बाकीचे मी तुमच्यापुढे मांडतो.’ बावीस वर्षे ज्याच्या हाती वह्या आहेत, त्याच्या शब्दाला दोन दिवसांचे मोल नक्कीच असते. नाव त्या क्षणी सांगायला हवेच असे नाही, परंतु चोर सोडून संन्याशाला फाशी ही गोष्ट तुमच्या डोळ्यांदेखत घडू देणे कोणत्याही दयेत बसत नाही. घरापासून इतक्या लांब, नव्या गावात आलेल्या पोराच्या बाजूने बोलणारे दुकानात दुसरे कोणी नसेल, तर ती जबाबदारी तुमच्यावर दुप्पट येते.

त्यानंतर त्या गृहस्थांकडे जा. दुकानात नव्हे, आणि त्यांच्या घरी मुलांसमोरही नव्हे. तुम्ही पाहिले आहे, हे त्यांना पुडी पडली त्या संध्याकाळपासून माहीत आहे. म्हणजे ते एवढे दिवस तुमच्या मौनाच्या आधाराने डाळ नेत आहेत. हे वाक्य कठोर वाटेल, पण मला ते टाळता येत नाही. त्यांना सांगा की दोन दिवसांत त्यांनी स्वतः मालकांपुढे कबुली द्यावी, तुम्ही सोबत याल, आणि ते आले नाहीत तर तुम्ही एकटे जाऊन सांगाल. पोरावर आळ आला आहे, हेही सांगा. माझा अंदाज असा आहे की त्यांना ते ठाऊक नसेल, आणि ठाऊक झाल्यावर ते मागे राहणार नाहीत. ज्या माणसाने काल-परवापर्यंत स्वतःच्या मागावर साड्या विणल्या आहेत, त्याला दुसऱ्याच्या हातची भाकरी जाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता तुमच्या मनातील खऱ्या अडचणीकडे येतो. तुम्ही गप्प राहिलात ते करुणेपोटी, यात मला शंका नाही. परंतु डाळ तुमची नव्हती. आपल्याकडे याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात. माझी आजी खानापूर तालुक्यात राहत असे. सुगीनंतर चार बायका तांदूळ निवडायला येत, आणि त्यांतली एक रोज उठताना पसाभर तांदूळ ओच्यात घेते, हे आजीने पाहिले. आजी तिला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने मजुरीखेरीज चौघींच्याही ओटीत शेरभर तांदूळ मोजून घालायला सुरुवात केली, आणि त्या एकीलाच वेगळे काढले नाही. ओच्यात घेणे आपोआप थांबले. ही गोष्ट मी अनेकदा सांगतो, पण सांगताना एक बाब विसरत नाही : तांदूळ आजीचे होते, म्हणून ते माफ करण्याचा हक्कही तिचा होता. तुमच्या बाबतीत तो हक्क मालकांचा आहे, आणि तुम्ही गप्प राहून त्यांना मोठ्या मनाने वागण्याची संधीच दिलेली नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात बारा वर्षांच्या अवर्षणात भुकेने व्याकूळ झालेले विश्वामित्र एका चांडाळाच्या झोपडीत मांस चोरायला शिरतात, आणि त्याला आपद्धर्म, म्हणजे संकटकाळापुरता धर्म, म्हटले आहे. प्राण वाचवण्यासाठी घेतलेल्या घासाला आपली परंपरा पाप म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. परंतु तिथेही घराचा धनी जागा आहे, तो विचारतो, वाद घालतो; जे होते ते त्याच्यासमोर होते. दुसऱ्याच कोणावर आळ येऊन ती भूक भागलेली नाही.

मालकांकडे जाताना कायदा काय म्हणतो, हे तुम्हाला माहीत असावे, कारण रागाच्या भरात ‘पोलिसांत देतो’ म्हणणाऱ्याला पुढचे सहसा ठाऊक नसते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या चोरीत प्रथमच दोषी ठरलेल्या माणसाने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा देण्याची तरतूद आहे. ही सवलत कलम 303 मध्ये आहे. नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरणे हा मात्र कलम 306 खालचा वेगळा गुन्हा असून त्यात ही सवलत नाही, शिक्षा सात वर्षांपर्यंतची आहे आणि तो दखलपात्र व अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही. अर्धा किलो डाळीलाही तेच कलम लागू शकते. 1958 च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याने अशा पहिल्या गुन्ह्यात समज देऊन सोडण्याचा अधिकार न्यायालयाला दिलेला आहे, हे खरे. पण तिथवर पोचेपर्यंत अटक, जामीन आणि तारखा चुकत नाहीत, आणि मालकांचा राग शांत झाला म्हणून गुन्हा त्याच दिवशी मिटत नाही. हे सगळे मालकांना धमकी म्हणून नव्हे, माहिती म्हणून सांगा. तुमच्यापुरते म्हणाल, तर खून, दरोडा अशा ठरावीक गंभीर गुन्ह्यांची खबर देणे प्रत्येक नागरिकावर बंधनकारक आहे. अशी साधी चोरी त्यात येत नाही. त्यामुळे पोलिसांकडे न जाता मालकांकडे जाण्यात तुम्ही काही बेकायदेशीर करत नाही. प्रकरण तरीही ठाण्यात गेलेच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक 15100 आहे.

मालकांपुढे नुसती चूक ठेवू नका, हिशेबही ठेवा. वह्या तुमच्याच हातात आहेत, तेव्हा किती माल गेला आणि त्याची किंमत काय, हे काढून पगारातून दरमहा किती कापता येईल, याचा कागद तयार करून न्या. दुकानातील सगळ्याच कामगारांना खरेदीच्या भावाने महिन्याचा किराणा उधार द्यावा, असे सुचवा. सगळ्यांना, म्हणजे कोणी एक उघडा पडत नाही. आणि त्या घराचे बीपीएल कार्ड चालू आहे का, कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेचे तांदूळ मिळतात का, पत्नीच्या नावावर त्याच सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा 2,000 रुपये जमा होतात का, याची चौकशी करा. कन्नडमधील कागद नीट वाचता न आल्यामुळे आपल्या भागातील एखादे मराठी घर हक्काच्या योजनेबाहेर राहते, हे मी पाहिलेले आहे. तुम्हाला कन्नड येत असेल, तर एका सुटीच्या दिवशी त्यांना घेऊन ‘कर्नाटक वन’ (Karnataka One) या सरकारी सेवा केंद्रावर जा.

मालक त्यांना कामावरून काढतील का? काढू शकतील, आणि तसे झाले तर तुम्हाला वाईट वाटेल. तो निर्णय तुमचा नसेल, मात्र दुसरीकडे काम शोधून देण्यासाठी चार ओळखीच्या दुकानांत शब्द टाकणे तुमच्या हातात राहील. आणि त्या पोरासमोर मालकांनी संशय मागे घेतला पाहिजे, स्पष्ट शब्दांत. ही अट मात्र सोडू नका.

प्रश्न : आमच्या सरकारी मराठी शाळेत माध्यान्ह आहार शिजवणाऱ्या मावशी उरलेला भात घरी नेतात, त्याला कोणाची हरकत नाही. अलीकडे त्यांच्या पिशवीत कच्ची अंडी दिसली. त्यांचे मानधन किती अपुरे आहे, हे मी जाणते. तक्रार करू का?
— एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : उरलेला भात आणि कच्ची अंडी यांत फरक आहे. भात कोणाच्या ताटातून काढून घेतलेला नाही. अंडे मात्र एखाद्या मुलाच्या नावावर आलेले असते, आणि ते माफ करणे ना तुमच्या हातात आहे, ना माझ्या. लेखी तक्रारीआधी मावशींशी स्वतः बोला, आणि आदराने बोला. ते थांबले नाही, तर मुख्याध्यापकांना आणि शाळा विकास समितीला सांगावेच लागेल, त्यांच्या मानधनाचा विषयही त्याच बैठकीत मांडून. तोवर रोज सकाळी आलेली अंडी उकडण्याआधी मावशींनी आणि तुम्ही मिळून मोजावीत आणि आकडा फळ्यावर लिहावा.