कव्हेनंटरांवर कादंबरी लिहिताना

प्रश्न : राजाने लादलेले बिशप न मानणाऱ्या स्कॉटलंडच्या कव्हेनंटरांवर कादंबरी लिहितो आहे. काळ १६७९. तपशिलात कुठे चुका होतात?

उत्तर : आधी पोशाखात. ही मंडळी बहुतेक नैर्ऋत्येच्या सखल भागातली शेतकरी-विणकर. त्यांना डोंगराळ भागातला किल्ट (घागऱ्यासारखं वस्त्र) नेसवू नका. जाडाभरडा करडा लोकरी कपडा आणि निळी चपटी टोपी हवी. दंडाची रक्कम लिहिताना पौंड कोणता ते ठरवा, कारण तेव्हा १२ स्कॉटिश पौंड म्हणजे १ इंग्लिश पौंड. नवं वर्ष तेव्हा स्कॉटलंडमध्ये १ जानेवारीला, इंग्लंडमध्ये २५ मार्चला सुरू होई. पत्रांच्या तारखांचा घोळ इथेच होतो.

माळावरची प्रार्थनासभा मात्र सावकाश रंगवा. १६७० च्या कायद्याने तिथे उपदेश करणाऱ्याला देहदंड होता, म्हणून टेकडीवर पहारा. प्रभुभोजनाला (भाकरी-द्राक्षारसाच्या ख्रिस्ती विधीला) बसायचं तर शिशाचा छोटा बिल्ला लागे. झडतीत तो खिशात सापडला, एवढ्यावर एक प्रकरण उभं राहील.

१ जूनला ड्रमक्लॉगला राजाच्या सैन्याविरुद्ध जिंकलेले हे लोक २२ जूनला बॉथवेल पुलावर हरले. मधले तीन आठवडे आपसांत भांडण्यात गेले : राजाकडून उपदेशाची सवलत घेतलेल्या पाद्र्यांना सोबत घ्यायचं की नाही? लढाईपेक्षा या भांडणाला जास्त पानं द्या.