'यांत्रिक बंध' : यात यंत्र कुठे आहे?

एकमेकींत अडकलेल्या कड्यांसारख्या रेणूंच्या जोडणीला 'यांत्रिक बंध' म्हणतात. त्यात यंत्र नाही, तर 'गुंफणबंध' म्हणावे का, असा प्रश्न आला आहे. अजिबात म्हणू नये. 'यांत्रिक' म्हणजे निर्जीव, ठरावीक साच्यातले, हा एकच अर्थ कानावर आदळत राहतो आणि चांगला शब्द फुकट जातो.

यंत्र म्हणजे मुळात धरून ठेवणारे साधन. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 'सविता यन्त्रैः पृथिवीमरम्णात्' असे आहे: सवित्याने यंत्रांनी पृथ्वी स्थिर केली. तिथे चाके-दट्टे नाहीत, बंधने आहेत. 'नियंत्रण' त्याच घरातले. संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर-विल्यम्स हा शब्द 'यम्' (आवरणे) धातूकडे नेतात आणि 'यन्त्र्' हा नुसता नामधातू, म्हणजे नामावरून घडवलेला धातू, ठरवतात. मला हे मुळीच मान्य नाही. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'यत्रि सङ्कोचे' असा (म्हणजेच 'यन्त्र्') स्वतंत्र धातू दिला आहे. संकोच म्हणजे आकसणे! तो दुर्लक्षून कसे चालेल?

आता स्ट्रासबर्गच्या झाँ-पिएर सोवाज यांचे काम पाहा (2016च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी). 1983मध्ये त्यांनी तांब्याच्या आयनाभोवती रेणूचे तुकडे जमवून दोन कड्या एकमेकींत ओवल्या. नंतर तांबे काढून घेतले तरी कड्या सुटत नाहीत. दोघींच्या अणूंमध्ये एकही रासायनिक बंध नाही, पण एक कडी तोडल्याशिवाय दुसरी मोकळी होत नाही. 2000मध्ये त्यांच्या गटाने कडी आणि दांडी असलेले दोन रेणू परस्परांच्या कडीत ओवले. कडी आणि दांडीवरचे नायट्रोजन अणू मिळून धातूच्या आयनाला धरतात: तांब्याला चार नायट्रोजन पुरतात, जस्ताला पाच लागतात. तांब्याच्या जागी जस्त येताच कड्या दांडीवरच्या तीन नायट्रोजनांच्या जागेकडे सरकतात (कडीचे दोन धरून पाच) आणि सुमारे 8.3 नॅनोमीटरची जोडी 6.5वर येते. यत्रि सङ्कोचे!

पुढे याच गटाने दांडीवरच्या दोन कड्यांना पॉर्फिरिन या वलयाकार रेणूच्या सपाट चकत्या जोडल्या. प्रत्येक चकतीच्या मध्यभागी जस्त. दोन्ही टोकांना नायट्रोजन असलेला छोटा रेणू आला की तो दोन्ही जस्तांना धरतो, आणि त्याच्या लांबीप्रमाणे कड्या सरकून चकत्यांमधले अंतर जुळते. अशा आत येणाऱ्या रेणूला 'पाहुणा रेणू' म्हणावे, 'अतिथी रेणू'ही चालेल. 'साखळी रेणू' मात्र या अडकलेल्या कड्यांसाठी वापरू नये, तो शब्द बहुवारिकांनी (पॉलिमरांनी) आधीच घेतला आहे.