देवाने खूण दिली नाही, मग ठरवायचं कसं?

चौतिशीतली नर्स, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीची (चर्चची) सभासद. आखातात दोन वर्षांच्या करारावर नोकरी चालून आलेली. घरी नवरा, सात वर्षांची मुलगी आणि अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली सासू. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तिची काळजी समुपदेशनात नेहमी ऐकू येते: "रोज प्रार्थना करते, पण उत्तर येत नाही. माझा विश्वासच कमी पडतोय का?"

उत्तर शोधायची तिची रीत ठरलेली. नाइट ड्यूटीवरून आल्यावर डोळे मिटून पवित्र शास्त्र (बायबल) उघडायचं आणि पानावर बोट ठेवायचं. एकदा उत्पत्तीचा बारावा अध्याय निघाला, अब्राहामाला देश सोडून जायला सांगणारा. ती खूश. दोन दिवसांनी स्तोत्र 37 निघालं. त्यात देशातच वस्ती करायला सांगितलंय. झालं, झोप उडाली. वर्षअखेरच्या उपासनेत बायबलच्या वचनाची चिठ्ठी उचलायला हरकत नाही, पण नोकरीचा करार असा ठरवू नये.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं 1:5 हे वचन तिला पाठ होतं: ज्ञान उणं असेल त्याने देवाजवळ मागावं, तो दोष न लावता उदारपणे देतो. पुढच्याच वचनात संशय धरू नये असं आहे, आणि तिथेच ती घाबरली होती. आधीची तीन वचनं तिने कधी जोडून वाचलीच नव्हती. तिथे विषय परीक्षेत टिकून राहण्याचा आहे. संशय धरायचा नाही तो देवाच्या देण्याबद्दल. जावं की राहावं यात मन डळमळणं हा अविश्वास नव्हे. बायबलच्या 1 राजे या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात, शलमोन राजा तरी कुठे तयार निकाल मागतो? तो न्याय करता येईल असं मन मागतो, आणि एका बाळावरून दोन बायांच्या भांडणात तलवार मागवून खरी आई स्वतःच ओळखतो.

मग कागद घेतला. सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोलाची (जेझुइट संघाचा संस्थापक) रीत कॅथलिक असली तरी प्रोटेस्टंट घरातही चालते: गेल्याचे फायदे, गेल्याचे तोटे, न गेल्याचे फायदे, न गेल्याचे तोटे, असे चार रकाने. लोक दोनच करतात, आणि राहण्याची बाजू कोरीच राहते. पहिल्या रकान्यात तिने लिहिलं: सोसायटीचं कर्ज फिटेल, मुलीच्या शिक्षणाला पैसे साठतील, नणंदेचं तोंड बंद होईल.

शेवटच्या ओळीवर बराच वेळ गेला. याकोब 3:14-17 ची कसोटी इथेच लावायची: मत्सर आणि चढाओढ असेल तर ते वरून, देवाकडून आलेलं ज्ञान नाही, वरचं शांतिप्रिय आणि सौम्य असतं. म्हणून जाणंच चूक ठरत नाही. ती ओळ खोडून उरलेला कागद पुन्हा तोलायला सांगितलं.

पुढचं काम रोकडं होतं. एजंटाचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासणं. करारात ड्यूटीचे तास, सुट्टी आणि परतीचं तिकीट कुणाकडे ते वाचणं. सासूचं अंथरूण दिवसा कोण बदलणार हे नावानिशी लिहिणं. सल्ला तिघांचा: आखातातून परतलेली नर्स, पाळकसाहेब आणि खुद्द सासूबाई. आतापर्यंत तिने "जा" म्हणणाऱ्यांनाच विचारलं होतं. शिवाय नाइटच्या आठवड्यात निर्णय घ्यायचा नाही. मन खचलेलं असताना आधीचा निश्चय बदलू नये, हाही लोयोलाचाच नियम. वाचनासाठी बायबलमधलं नीतिसूत्रे हे पुस्तक: 31 अध्याय, रोज एक.

सासूबाईंनी सांगितलं, "जा, पण मुलीची शाळा बदलू नका." तिने रुजू होण्याची तारीख वार्षिक परीक्षेनंतरची मागितली आणि ती मिळाली.

मात्र एक फरक ओळखायला हवा. तीच प्रार्थना "नीट झाली नाही" म्हणून कुणी पुन्हा पुन्हा करत असेल, निर्णय चुकला तर देव शिक्षा करील या भीतीने जेवण-झोप सुटली असेल, तर ते ओसीडीचं (तेच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मनोविकाराचं) लक्षण असू शकतं. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावं. प्रार्थना वाढवायला सांगितली तर त्रास वाढतो.