वाचकांचे प्रश्न : आवडले, पण पोट भरले नाही

प्रश्न : ताई, गेल्या महिन्यात ट्रॅव्हिस बाल्ड्री यांची ‘लेजंड्स अँड लाटेज’ ही इंग्रजी कादंबरी वाचली. लढायांना कंटाळलेली व्हिव्ह नावाची ऑर्क (कल्पनाकथांतल्या धिप्पाड, लढवय्या जमातीतली) बाई तलवार बाजूला ठेवून, जिथे कॉफी कुणाला ठाऊकच नाही अशा शहरात कॉफीचे दुकान काढते आणि दुकान उभे करता करता टँड्री या सहकारिणीच्या प्रेमात पडते, एवढीच तिची गोष्ट. मी स्वतः बायकांवर प्रेम करणारी बाई आहे. या दोघींच्या प्रेमाला कुणी नाक मुरडत नाही, हे वाचताना माझे डोळे भरून आले. तरीही अर्ध्यानंतर कंटाळा आला. माझ्या मावशीने कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकायला सुरुवात केली, तेव्हा पहिली दोन वर्षे तिची हिशेबाची वही मी लिहीत होते, म्हणून व्हिव्हचे सगळे इतके अलगद जुळून येणे मला पटेना. वाचक गटात मात्र मी ‘फार छान’ एवढेच म्हणाले, कारण पुस्तकाला नावे ठेवली असती तर विषयच नावडला असा अर्थ निघाला असता. खरे मत सांगितले तर ती आपल्याच माणसांशी बेइमानी होईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : बेइमानी कसली? मलाही ही कादंबरी आवडली आणि अपुरी वाटली.

लेखकाने 2022 मध्ये ती आधी स्वतःच प्रकाशित केली, आणि पुढच्या वर्षी ती विज्ञानकथा-कल्पनाकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचली. यात जीवघेणे काही घडणार नाही, हे तिच्या उपशीर्षकातच सांगून टाकलेले असल्यामुळे लढाया नाहीत म्हणून तिला दोष देता येत नाही. तुमची तक्रार मात्र हिशेबाची आहे आणि ती निम्मी खरी आहे. सुरुवातीला गिऱ्हाईक फिरकत नाही, लोकांना फुकट चव द्यावी लागते, तो भाग तुमच्या मावशींनाही ओळखीचा वाटेल. पण हप्ता मागणाऱ्या मॅड्रिगलशी तडजोड होते ती दालचिनीच्या रोलांवर! (भाकरीच्या चवडीवर असा माणूस खूश होत असता, तर मावशींनी ती आनंदाने दिली असती.) दुकान जळून खाक होते तेव्हा कादंबरीला पहिल्यांदा वजन येते, परंतु मित्रमंडळी धावून येतात, नवे दुकान उभे राहते आणि त्या राखेचा डाग कुणाच्या मनावर उरत नाही. माझे मन तिथे उडाले.

प्रेमाच्या बाबतीत तर लेखकाने हात फारच आखडता घेतला आहे. टँड्री सक्यूबस (दंतकथांतली मोहात पाडणारी मायावी स्त्री) आहे, म्हणजे ही जन्मतःच भुरळ घालणारी, असे लोक आधीच ठरवून बसलेले असतात, आणि व्हिव्ह मात्र तिला तिच्या कामावरून ओळखते. या एका धाग्यावर कादंबरी तोलून धरता आली असती. प्रत्यक्षात तो अधूनमधून दिसतो आणि दोघी मनातले बोलतात तेव्हा पुस्तक संपत आलेले असते.

मग डोळे का भरून आले? आपल्याकडे तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातल्या, बाईवर प्रेम करणाऱ्या मित्रा या मुलीचा शेवट मृत्यूत होतो, आणि सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (2006) एकाच पुरुषावर प्रेम करणाऱ्या बहीण-भावाच्या वाट्याला त्याचे निघून जाणेच येते. दोन्ही कलाकृती मोठ्या आहेत, पण त्या वाचून वाढलेल्या माणसाला दोन बायकांनी नुसते मिळून दुकान चालवणेही अप्रूपाचे वाटते. टंचाईत टँकर आला की पाण्याची चव कुणी पाहत नाही, हे सोलापूरकरांना मी काय सांगावे? तुम्ही ती पाहिलीत, इतकेच.

गटाच्या पुढच्या बैठकीत स्वतःविषयी काही सांगण्याची तुमच्यावर सक्ती नाही. आगीनंतरची पाने उघडा, नुकसान इतक्या लवकर भरून येणे कुणाकुणाला पटले ते विचारा, आणि मग टँड्रीबद्दल बोला. विषय नावडला असे कुणालाही वाटणार नाही. आणखी वाचायचे असेल तर याच लेखकाची 2023 मधली ‘बुकशॉप्स अँड बोनडस्ट’ घ्या. ती आधीच्या काळात घडते, त्यामुळे टँड्रीची वाट पाहू नका. त्यात तरुण व्हिव्ह आणि मेयली नावाची बेकरीवाली यांचे प्रेम आहे आणि ते त्या मुक्कामापुरतेच आहे, याची दोघींना जाणीव असते. हा हिशेब तुम्हाला अधिक पटेल, असा माझा अंदाज आहे.