मार्चमधलं मत

चि. भाचीबाईंस अनेक आशीर्वाद,

मतदार कार्डाचा फोटो मिळाला. खाली तू विचारलंयस, "मामा, आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये डेमोक्रॅट कधी येणारच नाही, मग हे कार्ड फ्रिजवर लावण्यापलीकडे कशाला?" माझंही कार्ड बरीच वर्षं फ्रिजवरच होतं. त्याची चुटपुट अजून आहे, म्हणून हे पत्र: नोव्हेंबरची वाट न बघता मार्चमध्ये रिपब्लिकनांच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, मत द्यायचा विचार कर.

तू ॲलनला राहतेस. २०२१ साली टेक्सासच्या विधिमंडळाने संसदेच्या मतदारसंघांचा नकाशा नव्याने काढला, तेव्हा कॉलिन काउंटीतल्या आपल्या तिसऱ्या डिस्ट्रिक्टला पूर्वेकडचा हंट काउंटीचा तुकडा जोडला. फ्रिस्को-प्लेनोकडच्या आशियाई वस्तीचा मोठा भाग उचलून चौथ्या डिस्ट्रिक्टमध्ये टाकला, थेट ओक्लाहोमाच्या सीमेवरच्या शेतीवाडीच्या काउंट्यांबरोबर. गणपतीला प्रसादाच्या एका रांगेत उभे राहणारे आपले लोक दोन मतदारसंघांत वाटले गेले. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगून टाकलं होतं की पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या नकाशांत फेडरल कोर्ट पडणार नाही. त्यामुळे २०२५ मध्ये दशकाच्या मध्येच पुन्हा पेन्सिली निघाल्या. हे पाप एकाच पक्षाचं नाही. इलिनॉयचा नकाशा बघ, तिथे डेमोक्रॅट मंडळींनी तेवढ्याच सराईत हाताने रेषा ओढल्यात. तिथल्या रिपब्लिकन मुलीलाही मी हेच पत्र लिहिलं असतं.

अशा मतदारसंघात लग्न मार्चमध्ये लागतं, नोव्हेंबरात नुसती वरात निघते. आणि आपण सगळे वरातीत नाचायला जातो.

मीही तेच केलं. मार्च २०२२ च्या प्रायमरीत आपले खासदार व्हॅन टेलर उभे होते. पक्के रिपब्लिकन, माझं त्यांच्याशी फारसं काही जुळत नव्हतं. पण २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल त्यांनी मान्य केला होता, आणि २०२१ च्या ६ जानेवारीला संसदेवर झालेल्या हल्ल्याच्या चौकशीसाठी स्वतंत्र आयोग नेमावा, असं मत देणाऱ्या ३५ रिपब्लिकन सदस्यांत ते होते. त्यावरूनच त्यांच्याच पक्षातले लोक त्यांच्यावर तुटून पडले. प्रायमरी थेट जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागतात. त्यांना सुमारे ४८.८ टक्के पडली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी खासगी कारणाने माघार घेतली, रनऑफ, म्हणजे पहिल्या दोघांतली दुसरी फेरी, झालीच नाही आणि उमेदवारी कीथ सेल्फ यांच्याकडे गेली. नोव्हेंबरात ते आरामात निवडून आले. साडेसात लाखांवर वस्तीच्या मतदारसंघाचा फैसला सत्तर हजारांच्या आतल्या मतांवर झाला. त्या मंगळवारी मी घरी होतो. नोव्हेंबरात जाऊ की, म्हटलं. माघारीचं कारण माझ्या मताने टळलं नसतं, हे खरं. पण फरक सव्वा टक्क्याचा होता, आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या घरांतून त्या दिवशी कोणी बाहेर पडलं नव्हतं.

टेक्सासमध्ये मतदार नोंदणी करताना पक्ष लिहावा लागत नाही. प्रायमरीच्या दिवशी टेबलावरची बाई फोटो आयडी बघते आणि विचारते, कोणत्या पक्षाचं बॅलट? तू सांगशील ते मिळतं. मार्चमध्ये डेमोक्रॅट बॅलट घेतलंस तर मे महिन्यातल्या रिपब्लिकन रनऑफमध्ये तुला मत नाही. पण मार्चमध्ये गेलीच नसलीस, तर मेमध्ये कोणाच्याही रनऑफला जाता येतं. ही खाच फार थोड्यांना ठाऊक असते. (आपल्याकडे तिकीट दिल्लीत ठरतं आणि कार्यकर्ता सतरंज्या उचलतो. इथे तिकीट ठरवायला बोलावतात, तर आपण जात नाही.)

आता तुला जे खुपेल ते. बॅलटच्या वर एक वाक्य छापलेलं असतं: मी रिपब्लिकन आहे, आणि या वर्षी दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत मला भाग घेता येणार नाही हे मला समजतं. पहिल्यांदा ते वाचून माझा हात थबकला होता. खोटं बोलतोय का मी? कायदा तुझी निष्ठा तपासत नाही, त्या वर्षापुरता तुला त्या प्रायमरीशी बांधतो, बस. नोव्हेंबरात कोणालाही मत द्यायला तू मोकळी. तरीही ते वाक्य टोचतं, आणि टोचायला हवं. माझं समाधान मला ह्यूस्टनच्या एका दाताच्या डॉक्टरकडून मिळालं. लॉनी स्मिथ. तेव्हा टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचंच राज्य होतं, प्रायमरी जिंकली की निवडणूक जिंकली. आणि त्या प्रायमरीत काळ्यांना प्रवेश नव्हता. नोव्हेंबरात कागदोपत्री मत होतं, पण तोवर ठरवायचं काही उरलेलं नसायचं. वकील थर्गुड मार्शल यांनी स्मिथ यांचा खटला लढवला आणि १९४४ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोऱ्यांची ती प्रायमरी मोडीत काढली. जिथे खरा निर्णय होतो तिथे मत देण्यासाठी तो माणूस कोर्टाची पायरी चढला. मला तर नुसतं दार ढकलायचं होतं.

पण आत गेल्यावर काय करायचं, त्यावर सगळं आहे. काहीजण सांगतील, त्यांचा सगळ्यात वेडगळ उमेदवार निवडून दे, म्हणजे नोव्हेंबरात तो आपटेल. २००८ मध्ये रश लिंबॉ यांनी रेडिओवरून रिपब्लिकन श्रोत्यांना असंच सांगितलं होतं: डेमोक्रॅट प्रायमरीत जाऊन हिलरी क्लिंटन यांना मत द्या, भांडण लांबवा. शेवटी ओबामा अध्यक्ष झाले. दुसऱ्याला अपशकुन म्हणून आपलं नाक कापायचा हा उद्योग सुरक्षित डिस्ट्रिक्टमध्ये तर शुद्ध मूर्खपणा आहे, कारण तो वेडगळ माणूस तिथे आपटत नाही, दोन वर्षं तुझा प्रतिनिधी होऊन बसतो. दगडापेक्षा वीट मऊ, एवढाच हिशेब ठेव. वीट आवडायची गरज नाही.

हे जमतं का? कधीकधी. मे २०२४ मध्ये बोमाँटकडे टेक्सास हाउसचे, म्हणजे विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाचे, रिपब्लिकन स्पीकर डेड फेलन मार्चच्या फेरीत मागे पडूनही रनऑफमध्ये चारशेहून कमी मतांनी तरले. हरलेल्या डेव्हिड कव्ही यांनी डेमोक्रॅट मतदारांना दोष दिला, आणि प्रायमरी फक्त आपल्या माणसांपुरती ठेवा, ही पक्षातली मागणी आणखी तापली. फेलन यांचं स्पीकरपद मात्र टिकलं नाही. वायोमिंगमध्ये २०२२ ला ट्रम्प यांना विरोध करणाऱ्या रिपब्लिकन खासदार लिझ चेनींसाठी कितीतरी डेमोक्रॅट नोंदणी बदलून आले, तरी त्या पस्तीसहून अधिक टक्क्यांनी पडल्या, आणि पुढच्या वर्षी तिथल्या विधिमंडळाने ऐन वेळी पक्ष बदलायची वाटच बंद केली. जिथे दोन उमेदवारांत खरी चुरस आहे तिथेच पाहुण्यांची मतं कामाला येतात.

म्हणून आधी दोन्ही पक्षांचे नमुना बॅलट काउंटीच्या साइटवरून छापून घे आणि शेजारी शेजारी ठेव. आपल्या पक्षातही कधी राज्यपातळीवर किंवा एखाद्या न्यायाधीशाच्या जागेसाठी अटीतटीची लढत असते. तिथे तुझं मत जास्त मोलाचं वाटलं तर रिपब्लिकन खोलीत जाऊ नकोस, मला मुळीच राग येणार नाही. एकाच वर्षी दोन्हीकडे जेवता येत नाही. नोंदणी तीस दिवस आधी झालेली लागते, ती तुझी झालीच आहे.

आणि आईला आधीच सांगून ठेव, नाहीतर घाबरेल. कोणाला मत दिलंस ते गुप्त राहतं, पण कोणत्या पक्षाचं बॅलट घेतलंस ती नोंद सार्वजनिक असते. प्रचारवाले ती यादी घेतात. माझ्या पेटीत अजून बंदूक घेतलेल्या उमेदवारांची गुळगुळीत मोठी कार्डं पडतात. तुझी मामी ती पसरून त्यांवर मेथी निवडते.

तुझा,
मामा