गाडीचं गाऱ्हाणं : गाडी एक, पॅडचे जोड दोन

प्रश्न : काका, मी मालवणचा. घरची हापूसची बाग आहे, तीच बघतो. गेल्या दिवाळीत मुंबईहून सेकंडहँड पोर्शे 718 केमन घेतली. जानेवारीत मित्रांबरोबर कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला (आपलीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस) जायचं ठरतंय, आणि गाडी चालवतच नेणार. पुढचे ब्रेक पॅड तसेही संपत आलेत. एक मित्र म्हणतो, सरळ रेसिंगचे पॅड घाल. जे ट्रॅकवर टिकतात ते आंबोलीच्या घाटात तर लोण्यासारखे चालतील. रस्ता आणि ट्रॅक, दोन्हीला चालेल असा एकच उत्तम पॅड सांगा. पैशाचा प्रश्न नाही.
— एक वाचक, मालवण

उत्तर : काका म्हणालास म्हणून अरे-तुरेवर येतो. ‘पैशाचा प्रश्न नाही’ हे वाक्य कुठल्याही गॅरेजवाल्याला लिहून द्यायचं नसतं, हे आधी शिकून घे.

आता तुझ्या मित्राचं म्हणणं. तो म्हणतो तेच मीही एकेकाळी म्हणत होतो. तेव्हा माझ्याकडे मारुती एस्टीम होती आणि अंगात मस्ती होती. रॅलीत गाडी पळवणाऱ्या एका ओळखीच्याने आपले उरलेले रेसिंग पॅड दिले. मी ते पुढच्या चाकांना बसवले आणि आठवडाभर ज्याला-त्याला बोनेट उघडून दाखवत फिरलो, जसे काही पॅड बोनेटखाली दिसतात. मग एका जुलैच्या सकाळी कणकवलीहून कुडाळला परत येत होतो. पाऊस बारीक, रस्ता ओला. पंधरा मिनिटं ब्रेकला पाय लावायची वेळच आली नव्हती. ओरोसच्या अलीकडे पुढची एसटी स्टॉपवर थांबली. मी ब्रेक दाबला. पेडल पाट्यासारखं घट्ट, आणि गाडी आपली चाललीच आहे! दोन्ही पाय देऊन दाबलं तेव्हा कुठे पॅडनी डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, धरली. एसटीच्या मागच्या शिडीची खालची पायरी माझ्या काचेपासून दोन हातांवर होती. कंडक्टर उतरून आला, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “धावता ती गाडी थांबाक पण व्हयी, काय?” त्या पॅडमध्ये काही बिघाड नव्हता. ते थंड होते, इतकंच.

म्हणून पॅड घेताना लोक विचारतात तो प्रश्न मी उलटा विचारतो. तापल्यावर किती चालतो हे नंतर. गार असताना, भिजलेला असताना, पहिल्या दाबाला काय करतो? मालवण ते कुडाळ जाताना तुझी डिस्क शंभर अंशांच्या आसपास रेंगाळत असते. रस्त्याचा पॅड या तापमानाला लगेच धरतो, आणि साधारण 350–400 अंशांपर्यंत इमानाने वागतो. अस्सल रेसिंग पॅडचं गणित वेगळं. बऱ्याच पॅडना 150–200 अंशांच्या खाली धारच येत नाही. पण 600 अंशांना, जिथे रस्त्याचा पॅड कधीच शरण गेलेला असतो, तिथे हे मजेत काम करतात. शिवाय गार असताना ते डिस्क कानशीसारखी घासतात. ट्रॅकवर दोन वर्षं टिकली असती ती डिस्क तू बाजारहाट करून सहा महिन्यांत खाशील.

आता घाट. इथे तुझा मित्र फसलाय, आणि त्याचा दोष नाही, कारण घाटात ब्रेकचा वास येतो, मग माणसाला वाटतं की हाच ट्रॅक. जरा आकडे मांडू. तुझी गाडी आणि तू मिळून धर 1430 किलो. ट्रॅकवर सरळ पट्टा संपताना 160 चा वेग 60 वर आणलास, तर त्या एका दाबात ब्रेकवर जेवढी उष्णता पडते तेवढ्यात विहिरीचं चार लिटर पाणी उकळेल. आणि हे होतं तीन-साडेतीन सेकंदांत. मग एक-दोन वळणं, थोडी हवा, की परत चार लिटर. वीस मिनिटं हेच. आंबोलीहून खाली दाणोलीकडे उतरताना तू सहाएकशे मीटर खाली येतोस. त्याची सगळी उष्णता धरली तर सत्तावीस-अठ्ठावीस लिटर पाणी उकळेल, म्हणजे ट्रॅकवरच्या सात दाबांएवढी. पण ती अर्ध्या तासात वाटली जाते, त्यातही गिअर खाली ठेवलास तर बराच भार इंजिनच घेतं. घाटाला दुसरा-तिसरा गिअर लागतो, रेसिंग पॅड नाही. घाटात वास येतो तो बहुतेक वेळा पाय पेडलवर ठेवून उतरणाऱ्याच्या गाडीचा असतो. तुझ्या गाडीला पीडीके, म्हणजे पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर तो मॅन्युअलवर घे आणि उतर.

तर माझं उत्तर : दोन जोड. रस्त्यासाठी कंपनीचे मूळ पॅड, पुढे-मागे नवे. पोर्शेचे मूळ पॅड साध्या गाड्यांच्या पॅडपेक्षा बरंच सोसतात, त्यांना कमी लेखू नकोस. आणि ट्रॅकसाठी वेगळा जोड, तोही चारही चाकांना एकाच कंपाउंडचा, म्हणजे घासायच्या मटेरिअलची जात एकच. पुढे रेसिंगचे आणि मागे जुनेच असं केलंस तर पुढची-मागची वाटणी बिघडते. उलट केलंस तर विचारूच नको. इंजिन मधोमध असलेल्या गाडीचा मागचा भाग ब्रेकमध्ये आधी सुटला की ती लट्टूसारखी फिरते. पहिलाच ट्रॅक डे आहे, तेव्हा सगळ्यात जहाल पॅड मागू नकोस. लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी बनवलेले पॅड असतात, पॅगिडचा आरएस 29 त्यातलाच. ते गार असतानाही त्यातल्या त्यात बरे धरतात आणि पायाला एकसारखे लागतात. नवशिक्याला जोरापेक्षा हा एकसारखेपणा जास्त उपयोगी.

अगदी एकच जोड हवा असेल तर फेरोडो डीएस 2500 च्या जातीचा घे. रस्त्यावर धरतो, ट्रॅकवर बेतानं चालवलास तर निभावतो. पण चौकात थांबताना तो असा किंचाळेल की मासळी बाजारातल्या बायका मान वळवून बघतील. हे मधलं घराणं आहे, दोन्हीकडे पाहुणा. मला विचारशील तर हजार किलोमीटर जायचंय, तेव्हा ट्रॅकचा जोड डिकीत टाक आणि आदल्या दिवशी तिथे बदल. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) फिक्स्ड आहे, पिन काढली की पॅड बाहेर येतात. घरी दोनदा सराव कर. पॅड झिजल्याची सूचना देणारी सेन्सरची वायर असते. रेसिंग पॅडला तिची खाच नसली तर ती चाकापासून आणि डिस्कपासून लांब नीट बांध. लोंबती सोडलीस तर वितळेल.

आणि एक गोष्ट, जी तू विचारली नाहीस आणि जी पॅडपेक्षा आधी येते : ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतलं पाणी पितं. आपल्या किनाऱ्यावर, जिथे जूनमध्ये मीठसुद्धा बरणीत पाणी धरतं, तिथे ते किती पीत असेल बघ. डॉट 4 या दर्जाचं ऑइल नवं असताना किमान 230 अंशांना उकळायला हवं, आणि 3.7 टक्के पाणी प्यायल्यावर किमान 155 ला. असा नियमच आहे. म्हणजे 75 अंश नुसत्या दमट हवेने गेले. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि वाफ दाबली जाते, मग पेडल तळाला जातं. निघण्याच्या आठवड्यात रेसिंगचं डॉट 4 भर, जे 300 अंशांच्या वर उकळतं, आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घे. डॉट 5 मात्र घेऊ नकोस. आकडा मोठा दिसतो म्हणून लोक घेतात. ते सिलिकॉनचं असतं आणि आधीच्या ऑइलमध्ये मिसळत नाही. डॉट 5.1 वेगळं, ते चालतं.

ट्रॅकवर ब्रेक कमी वाटले तर पायाला विचार. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही : पॅड तापून हरले. पेडल स्पंजसारखं झालं, खाली जातंय : ऑइल उकळलं. दोन्हीत लगेच वेग उतरव, एक फेरी सावकाश मार, पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे) ये. आल्यावर ब्रेक दाबून उभा राहू नकोस. तापलेला पॅड एका जागी डिस्कला चिकटून बसला की तिथे त्याचा छाप उरतो, मग परतीच्या वाटेवर स्टेअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. गाडी पार्कला (मॅन्युअल असेल तर गिअरमध्ये) टाक आणि चाकाला दगड लाव.

करीचा ट्रॅक 2.1 किलोमीटरचा. एस. करिवर्धन यांच्या नावाचा, 2003 पासूनचा. चेन्नईजवळचा 3.7 आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट 5.125 किलोमीटरचा. छोट्या ट्रॅकवर वेग कमी म्हणून ब्रेकला आराम, असं समजू नकोस. सरळ पट्टे आखूड, त्यामुळे डिस्कला वारा खायला वेळ मिळत नाही. पाच-सहा फेऱ्या मार, एक गार फेरी मार. ट्रॅकवर निम्मा झिजलेला पॅड बदलायचा. रस्त्यावर 3 मिलिमीटरपर्यंत थांबतो तसं नाही. पॅड पातळ झाला की उष्णता सरळ पिस्टनला आणि ऑइलला जाऊन भिडते.

नवे पॅड बसवल्यावर त्यांचा एक पातळ थर डिस्कवर चढावा लागतो, त्याशिवाय ते पूर्ण धरत नाहीत. रस्त्याच्या पॅडसाठी पहाटे साडेपाचला कसाल-कुडाळच्या रिकाम्या हायवेवर जा. 80 वरून 20 वर, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, मग दहा किलोमीटर ब्रेकला हात न लावता (पाय म्हणायचं होतं) सावकाश चालव. ट्रॅकच्या पॅडचा हा थर ट्रॅकवरच चढव. ते तापवायला लागणारा वेग हायवेवर काढलास तर पुढचं पत्र तुला पोलीस ठाण्यातून लिहावं लागेल.

परत निघण्याआधी तिथेच रस्त्याचे पॅड परत घाल आणि घरी आल्या दिवशीच चाकं धुऊन काढ. रेसिंग पॅडच्या भुकटीत लोखंडाचे कण असतात. मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात दोन रात्री राहिले की रिमवर तांबडी पुळी उठते, आणि ती कुठल्या पॉलिशने जात नाही.

प्रश्न : मी गुहागरला राहते, गाडी हॅचबॅक. पावसात दोन आठवडे बंद होती. सुरू केली तर मागून ‘टक्’ असा मोठा आवाज आला आणि मग बराच वेळ घासल्यासारखं. गॅरेजवाल्याने चारही डिस्क बदला म्हणून सांगितलं. बदलू का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, आधी डिस्ककडे नीट बघा. नुसता तांबूस पदर असेल आणि दहा-बारा दाबांत तो जाऊन चकचकीत पट्टा दिसायला लागला, तर डिस्क ठीक आहे. ओतीव लोखंड आहे, आपल्याकडे एका रात्रीतही गंजतं. ‘टक्’ झालं ते गंजाने चिकटलेला मागचा पॅड किंवा लायनर सुटल्याचं. भिजलेली गाडी हँडब्रेक ओढून आठवडा-आठवडा ठेवू नका. सपाट जागा असेल तर गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला चिऱ्याचा तुकडा लावा. घरी यायच्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला ब्रेक हलके दाबत या, म्हणजे डिस्क सुकून गाडी आत जाते.

पण एक गोष्ट बघायला सांगाच. पॅडची पाठ लोखंडी पत्र्याची असते, आणि खाऱ्या हवेत त्या पत्र्याला कडेने गंज चढतो. गंज फुगतो आणि वरचं घासायचं मटेरिअल पापुद्र्यासारखं उचलून काढतो. माझ्याकडे एक गाडी आली होती, पॅड जाडीने निम्मे शिल्लक, पण नखाने उचकटला तर आख्खा तुकडा हातात! असा पॅड त्याच दिवशी बदलायचा. कॅलिपरच्या सरकत्या पिनाही काढून पुसायला सांगा आणि त्यांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

प्रश्न : पॅडच्या कडेला एफएफ, जीजी अशी अक्षरं असतात. जीजी म्हणजे ट्रॅकला चालणारा का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. पहिलं अक्षर कमी तापलेल्या पॅडची पकड सांगतं, दुसरं जास्त तापलेल्याची. एफ म्हणजे घर्षणांक 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. मात्र ती परीक्षा पॅडच्या छोट्याशा तुकड्यावर होते आणि साधारण 340 अंशांना संपते. ट्रॅकचा धडा त्याच्यापुढे सुरू होतो. शिवाय ही अक्षरं छापायला शाई आणि डोकं एवढंच लागतं; नकली पॅडवर मी जीजी पाहिलंय, आणि खाली कंपनीच्या नावात एक अक्षर कमी.