रशियन घरी जेवायला जाताना

रशियात शिकायला चालली आहेस, म्हणजे कुणीतरी घरी जेवायला बोलावणारच. जरूर जा, पण रिकाम्या हाताने नको. फुलं विषम संख्येत ने. सम संख्येतली तिथे अंत्यविधीला वाहतात. उंबरठ्यावरून हात मिळवू नकोस. बूट दारातच काढ, घरात घालायला सपाता देतात.

टेबलावर मांडलेली सॅलडं, खारवलेल्या काकड्या, मासे पाहून त्यावरच पोट भरू नकोस. त्या झाकुस्की, नुसती सुरुवात. मागून सूप येतं, मग मुख्य पदार्थ, शेवटी चहा आणि वारेन्ये, म्हणजे फळांचा पातळसर मुरंबा. तो फार सुंदर असतो, पोटात जागा ठेव.

शाकाहारी असशील तर आमंत्रण घेतानाच सांग. ‘मांस खात नाही’ एवढ्याने भागत नाही: बोर्श्तचा, म्हणजे बिटाच्या सूपचा, रस्सा बहुधा मांसाचाच असतो, ओलिव्हिए सॅलडमध्ये बऱ्याचदा सॉसेज. त्यापेक्षा ‘पोस्तनोये’ माग. हे ऑर्थोडॉक्स उपवासाचं जेवण. त्यात मांस, अंडी, दूध वर्ज्य, माशांबद्दल मात्र वेगळं विचारून घे. तिथल्या आज्यांना ते लगेच कळतं. मग बटाट्याचे वारेनिकी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, किंवा मशरूम घातलेली ग्रेच्का, म्हणजे शिजवलेला कुट्टू (बकव्हीट), प्रेमाने पुढे येते.

वोडका नको असेल तर पहिल्याच टोस्टला स्पष्ट सांग आणि ग्लासात मोर्स, म्हणजे बेरींचं सरबत, घे. ग्लास मात्र सगळ्यांबरोबर उचल.